१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण डाउनलोड ११ च्या वर जातच नाही. बाकीचे ८९ कोण खातं?

कोणी खात नाही. तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. लॅपटॉपला वायर लावून विंडोजमध्ये फाइल उतरवताना आकडा ११.२ वर अडकतो असं तुम्ही लिहिलंय. शंभरच्या लाइनवर याहून फार जास्त दिसणारच नाही. आठाने भागायचं, एवढंच गणित आहे. ते खाली देतो. पण 'बाकीचे कोण खातं' हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हाच प्रश्न मी एकदा वीसेक माणसांसमोर ऐकून घेतलाय.

२०१९ ची गोष्ट. मी साताऱ्यात एका लोकल इंटरनेटवाल्याकडे फायबरचं काम करायचो. एका सोसायटीत १८ घरांत आमची लाइन होती, सगळ्या वायरी मी स्वतः ओढलेल्या. तिथले सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. हिशोबाला पक्के, माणूस वाईट नाही. एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. गेलो तर हॉलमध्ये अख्खी सोसायटी जमलेली. टेबलावर वायर लावलेला लॅपटॉप, शेजारी मोबाइलवर स्टॉपवॉच. १४०० एमबीची फाइल लावली होती. काका म्हणाले, "शंभरचा स्पीड ना तुझा? मग चौदा सेकंदांत यायला पाहिजे. बघू या."

फाइल आली २ मिनिटं ६ सेकंदांनी. त्यांनी तो मोबाइल एकेकाच्या हातात देऊन सगळ्यांना दाखवला. मग मला म्हणाले, "दूधवालासुद्धा एवढं पाणी घालत नाही रे. बाकीचे ८९ कोण खातं? तू, का तुझा मालक?"

मी बिट आणि बाइट सांगायला गेलो. "मला शब्दांत गुंडाळू नकोस," म्हणाले. खरं तर त्यांच्याच स्टॉपवॉचने माझी बाजू सिद्ध केली होती. १४०० ला १२६ सेकंदांनी भागलं की ११.१ येतात, म्हणजे लाइन काठोकाठ भरून चालली होती. पण ते तोंडातून निघालंच नाही. महिनाअखेर १८ पैकी १५ घरं दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि माझा पेट्रोलभत्ता दोन महिने बंद झाला. दुसऱ्या कंपनीच्या शंभरच्या प्लॅनवरही त्यांना ११ च दिसत होते. त्यावर मात्र मीटिंग झाली नाही.

त्या रात्री आजीला सगळं सांगितलं. आठ बारके मिळून एक मोठा होतो, एवढंच तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तू चवल्या दिल्यास आणि तो रुपये मोजत बसला." चवली म्हणजे दोन आणे. आठ चवल्यांचा रुपया, शंभर चवल्यांचे साडेबारा रुपये. नवे पैसे १९५७ ला आले आणि काका तेव्हा सत्तरीचे, लहानपणी त्यांच्या हातात चवली नक्की आलेली असणार. हे मला त्या हॉलमध्ये सुचायला हवं होतं.

तर तुमचा हिशोब. एमबीपीएस (Mbps) मधला बी लहान, तो बिट. फाइलच्या एमबी (MB) मधला बी मोठा, तो बाइट. आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. मग तुम्हाला ११.२ च का? एक तर नेटवर्कवाले मेगा म्हणजे सरळ दहा लाख धरतात, आणि विंडोज १०,४८,५७६ धरतं. तिथेच १२.५ चे ११.९ होतात. या दुसऱ्या मापाला १९९८ मध्ये मेबीबाइट असं वेगळं नावही दिलं गेलं, पण विंडोज अजून एमबीच लिहितं. दुसरं म्हणजे फाइल लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता वगैरे असतो. तारेवरून १५३८ बाइट गेले तर त्यातले तुमच्या फाइलचे साधारण १४६०. पाच टक्के तिथे जातात आणि ११.३ उरतात. उलटं करायचं असेल तर विंडोजच्या आकड्याला आठाने नाही, अंदाजे नवाने गुणा, म्हणजे लाइनचा स्पीड येईल.

लहान बी ही कंपन्यांची लबाडी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो. तारेवरून बिटच जातात, म्हणून बिटच मोजतात. ५६ केबीपीएसच्या मोडेमच्या काळापासून हेच चालू आहे. सरकारने २००४ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या केली तीही २५६ केबीपीएस अशी, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. पण जाहिरातीत १०० च्या शेजारी साडेबारा छापायला कंपन्यांचा कोणी हात धरला नव्हता, हेही तितकंच खरं. त्या न छापलेल्या आकड्याची बोलणी दारात उभ्या असलेल्या पोराला खावी लागतात.

आता एक राहिलं. हे सगळं वायरचं झालं. वायफायवर भिंतींनुसार आकडा खाली येतो, तिथे हा हिशोब लावू नका. आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असून वायरवरही ११.२ च येत असतील, तर मात्र दोष नक्की आहे. राउटरचा पोर्ट (वायर खोचायची जागा) शंभरचा असेल, नाहीतर वायरीतल्या आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या, म्हणजे टोकाच्या पिनेत दाबून बसवलेल्या असतील. शंभरला चार पुरतात, म्हणून बरेच जण तेवढ्यावर भागवतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसला तर तक्रार करा, जोरात करा. पण आधी भागाकार करा, आणि लाइनमनला पाच मिनिटं बोलू द्या.

गेल्या दिवाळीत त्या काकांनी ३०० चा प्लॅन घेतला. नव्या कंपनीचा लाइनमन माझ्या ओळखीचा. त्याला फक्त राउटर बदलावा लागला. दारापासून काकांच्या टेबलापर्यंतची वायर मी २०१९ मध्ये ओढलेलीच आहे, आठही तारा क्रिम्प केलेली. लॅपटॉपवर आता ३३ दिसतात.