हॅमर टेस्ट चांगली आली, मग हाफ सेल टेस्ट कशाला?

तुमची मुंबईतली सोसायटी ३४ वर्षांची. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हॅमरचे (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोड्याचे) आकडे चांगले आले, तरी इंजिनियर हाफ सेल टेस्ट, म्हणजे आतल्या सळईचा गंज व्होल्टमीटरने ओळखायची चाचणी, करा म्हणतोय. ती खरंच लागते का, आणि न फोडता आतला गंज कळतो का, असं तुम्ही विचारलंय.

लागते. हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरला की तो थर आणखी कडक होतो आणि आकडा वाढतो. पण त्याचबरोबर काँक्रीटचा पीएच (क्षारतेचं माप) साडेबारा-तेरावरून नऊपर्यंत उतरतो आणि सळईवरचं संरक्षक कवच जातं. म्हणून जुन्या इमारतीत नुसत्या हॅमरवर विसंबलेली सोसायटी दिसली की मला काळजी वाटते.

मध्यंतरी एका जिन्याखालच्या बीमवर मला हॅमरचा आकडा (रिबाउंड) चांगला, ४२ मिळाला. प्लास्टरला साधी चीरही नव्हती. बारीक भोक पाडलं, धूळ झटकली, फिनॉल्फ्थॅलिन (पीएचनुसार रंग दाखवणारं रसायन) फवारलं. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं. इथे ३५ मिलिमीटर आत गेलो तरी रंग नाही. सळई होती २२ मिलिमीटरवर, म्हणजे तिचं कवच गेलेलं. तिथेच हाफ सेल लावला: उणे ४१० मिलिव्होल्ट, म्हणजे गंजाची दाट शक्यता.

हाफ सेल म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात बुडालेली तांब्याची कांडी. व्होल्टमीटरची एक वायर तिला, दुसरी सळईला. त्यामुळे एका जागी सळई उघडी करावीच लागते; एवढी फोड मान्य करा. रंग आणि प्लास्टर काढून काँक्रीट ओलं करायचं, मग दर अर्ध्या मीटरवर रीडिंग. उणे २०० मिलिव्होल्टपर्यंत गंजाची शक्यता कमी. उणे ३५० च्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मधलं सगळं अनिश्चित.

यातून गंजाचा वेग किंवा सळई किती झिजली, हे कळत नाही. पाण्याच्या टाकीसारख्या कायम भिजलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन कमी असतो, तिथे फारसा गंज नसतानाही आकडा खूप उणे येतो.

रिपोर्टमध्ये नुसती सरासरी घेऊ नका, प्रत्येक बिंदूचा नकाशा मागा. संडास-बाथरूमखालचे बीम आणि गच्चीखालचा स्लॅब त्यात असलाच पाहिजे. त्याच जागी सळईवरचं कव्हर (तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी) आणि फिनॉल्फ्थॅलिनने रंग येत नाही ती खोलीही मोजून घ्या, आणि मोजणी चालू असताना कमिटीतल्या कोणीतरी तिथे उभं राहा.