वाचकांचे प्रश्न : युरोपात पैदाशीच्या घोड्याला मान्यता कशी मिळते?

प्रश्न : शहादा तालुक्यात माझी केळी-पपईची शेती असून आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मारवाडी घोडे आहेत. माझा पुतण्या जर्मनीत फेर्डन शहराजवळच्या एका पागेत मोतद्दार आहे. तिथला एक अडीच वर्षांचा, नामांकित बापाचा देखणा घोडा नोंदणी संस्थेने पैदाशीसाठी नाकारला, असे त्याने कळविले. इतका चांगला घोडा का नाकारला जातो? आमचा कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडा सारंगखेड्याच्या यात्रेत लोक थांबून पाहतात. त्याला तिकडची मान्यता मिळू शकेल का? ते शक्य नसेल, तर तिकडचे गोठविलेले वीर्य आणून आमच्या घोडीला द्यावे का?
— एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नात पुढच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दडलेली असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

युरोपातील ज्या घोड्यांना ‘वॉर्मब्लड’ म्हणतात, ते अरबी व थरोब्रेड (शर्यतीची जात) हे चपळ, तापट घोडे आणि ओझ्याचे, शांत, भारी घोडे यांच्या मधल्या स्वभावाचे व बांध्याचे घोडे होत. उडी मारणे आणि ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यावर शिस्तबद्ध चाली करून दाखविणे) या खेळांसाठी त्यांची पैदास होते. हॅनोव्हर, होल्स्टाइन, ओल्डेनबुर्ग, ट्राकेनर, तसेच नेदरलँड्सची केडब्ल्यूपीएन अशा प्रत्येक संस्थेची स्वतःची वंशावळीची वही असते. यांपैकी हॅनोव्हरची परंपरा 1735 साली दुसऱ्या जॉर्ज राजाने सेले येथे स्थापन केलेल्या सरकारी पागेपर्यंत जाते. या संस्थांपुढे घोडा उभा राहतो, तेव्हा ‘हा घोडा सुंदर आहे का’ एवढाच प्रश्न परीक्षकांसमोर नसतो; याला माद्यांवर सोडल्यास पुढची पिढी आजच्यापेक्षा सुधारेल का, हे त्यांना ठरवायचे असते.

म्हणूनच तपासणी घोडा मैदानात येण्यापूर्वीच सुरू होते. बाप नामांकित असून भागत नाही. आई मुख्य वहीत नोंदलेली असावी लागते आणि तिच्या मागच्या पिढ्यांतील घोड्यांनी काय करून दाखविले आहे, तेही पाहिले जाते. होल्स्टाइनमध्ये तर मातृवंशांना क्रमांक दिलेले आहेत आणि तेथील जुने पैदासकार घोड्याच्या नावाबरोबर त्याच्या आईच्या घराण्याचा क्रमांकही सांगतात. आपल्याकडे शिंगराची किंमत बापाच्या नावावर ठरते आणि आईची चौकशी पुष्कळदा ‘घोडी चांगली होती’ एवढ्यावर संपते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण शिंगराच्या रक्तातील अर्धा वाटा आईचाच असतो.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. सांध्यांचे क्ष-किरण फोटो काढून कूर्चेचे किंवा हाडाचे सुटे तुकडे तर नाहीत ना, हे पाहतात, कारण असा दोष बाहेरून दिसत नाही आणि त्याचा कल पुढच्या पिढीत उतरू शकतो. दोन्ही अंडकोष खाली उतरलेले असावे लागतात. केडब्ल्यूपीएन घशाची आणि वीर्याचीही तपासणी करते. अलीकडे ‘फ्रॅजाइल फोल सिंड्रोम’ या आनुवंशिक विकाराची चाचणीही अनेक संस्थांनी सुरू केली आहे. हा दोष वाहणारा घोडा स्वतः पूर्ण निरोगी असतो. परंतु तो दोष वाहणाऱ्याच घोडीशी जुळला, तर प्रत्येक गर्भाला तो विकार होण्याचा संभव चारात एक असतो, आणि असे शिंगरू जिवंत जन्मले तरी त्याची त्वचा इतकी नाजूक असते की ते वाचत नाही.

हे सर्व पार पडल्यावर अडीच वर्षांच्या घोड्याला कडक जमिनीवर उभे करून आणि सरळ चालवून पायांची ठेवण पाहतात. मग मोकळे सोडून त्याची साधी चाल, दुडकी आणि दौड पाहतात, तसेच स्वाराविना उडीही पाहतात. येथे उत्तीर्ण होणे ही निम्मी वाट झाली. पुढे स्वाराखालची कामगिरीची परीक्षा असते. जर्मनीत पूर्वी ती 100 किंवा 70 दिवसांची असे. आता 14 दिवसांची आणि 50 दिवसांची चाचणी, तसेच चार-पाच वर्षांच्या वयातील क्रीडा-चाचणी असे मार्ग आहेत. या काळात घोड्याचा स्वभाव, शिकण्याची तयारी आणि स्वाराला साथ देण्याची वृत्ती यांनाही गुण मिळतात. यानंतरही त्याच्या शिंगरांवर लक्ष ठेवले जाते. केडब्ल्यूपीएनमध्ये तर ती निराशाजनक ठरल्यास दिलेली मान्यता काढून घेतात. आपल्या पुतण्याने पाहिलेला घोडा यांपैकी नेमका कोठे अडला, हे मी येथून सांगू शकत नाही. मात्र नाकारला गेलेला घोडा वाईट असतो असे मुळीच नाही, आणि असे अनेक घोडे खच्ची होऊन उत्तम स्वारीचे घोडे बनतात.

आता आपल्या कुमैताविषयी. या संस्था बाहेरचे रक्त घेतात, पण ते ठरावीक वह्यांमधूनच. ट्राकेनरमध्ये थरोब्रेड, अरबी आणि त्यांच्या जवळच्या काही जातींनाच प्रवेश आहे. 1961 साली जन्मलेला लेडीकिलर हा इंग्लिश थरोब्रेड होल्स्टाइनमध्ये आणला गेला आणि लँडग्राफ व लॉर्ड या त्याच्या पुत्रांनी तिथली उडीची पैदास घडविली. मारवाडीला मात्र तेथे दार नाही. शिवाय ग्लँडर्ससारख्या रोगांमुळे आपल्याकडून युरोपात जिवंत घोडा नेण्यावर कडक निर्बंध आहेत. तेव्हा त्या दिशेने खर्च करू नये, असे मी स्पष्टपणे सुचवितो.

वीर्य आणण्याचा विचारही मला पटत नाही. आयातीसाठी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा परवाना मिळाला आणि गोठविलेल्या वीर्याने गर्भ राहिला, असे धरले तरी होणारे शिंगरू मारवाडीच्या वहीत बसणार नाही आणि जर्मन वहीतही शुद्ध म्हणून उतरणार नाही. मोठ्या नरामुळे घोडी विताना अडेल, ही आपल्याकडची भीती मात्र फारशी खरी नाही. 1938 साली केंब्रिजमध्ये अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलँड या जातींच्या घोड्यांच्या संकराचे प्रयोग झाले, तेव्हा जन्मताना शिंगराचा आकार मुख्यतः आईच्या आकारावर ठरतो असे दिसले. माझा आक्षेप वेगळा आहे : आत वळलेली कानांची टोके, रेवाल ही स्वाराला आरामदायी चाल आणि वैशाखातला उन्हाळा सोसणारे अंग पिढ्यान् पिढ्या जपलेली आपली घोडी एका वर्षासाठी अशा शिंगरात गुंतविणे, ज्याला कोणतेच घर नाही, हे नुकसानीचे आहे.

त्याऐवजी तिकडची कसोटी आपल्या घोड्याला लावून पाहा. यात्रेत पंचकल्याणी रंग (चारही पाय व कपाळ पांढरे), केसांचे भोवरे, उंची आणि नाच पाहिला जातो. आपण त्याचे गुडघे, घोटे आणि खुरांचे क्ष-किरण फोटो पशुवैद्यकाकडून काढून घ्या. त्याला डांबरी रस्त्यावर, लगाम सैल सोडून, समोरून आणि मागून चालविताना पुतण्याला चित्रफीत पाठवा आणि पाय सरळ पडतात का, हे तेथील जाणत्यांना विचारायला सांगा. आजवर त्याच्यापासून झालेल्या प्रत्येक शिंगराची, आईच्या नावासह, नोंद ठेवा. पायात वाकडी निघालेली आणि स्वभावाने चावरी निघालेली शिंगरेही त्यात लपवू नका. त्यांपैकी निम्म्यांत एकच दोष दिसला, तर घोडा कितीही देखणा असला तरी पुढच्या हंगामात तो दुसऱ्यांच्या माद्यांना देण्याचे थांबवा, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्यात नवीन घोडा पाहाल, तेव्हा विकणाऱ्याला आधी आईविषयी विचारा.