तारली खाऊनही ऑक्टोपस वजन का धरत नाही?

प्रश्न : प्रयोगशाळेच्या टाकीत ट्रॉलरवरून आणलेले दीड-दोनशे ग्रॅमचे ऑक्टोपस आहेत. कोळंबीच्या गोळीखाद्यात भरपूर प्रथिनं असूनही ते तोंड लावत नाहीत. तारली खातात, पण वजन वाढत नाही आणि पाण्यावर तवंग येतो. काय करावं?
– मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : आधी तारली बंद करा, ती तेलकट असते. ऑक्टोपसच्या मांसात स्निग्धांश जेमतेम एक-दोन टक्के. ऊर्जेसाठी तो मुख्यतः प्रथिनंच जाळतो, तेल त्याला नीट पचत नाही. न पचलेलं तेल विष्ठेतून बाहेर पडतं आणि तवंग धरतो. त्याऐवजी लहान खेकडे आणि राणीसारखा कमी तेलाचा मासा आलटून पालटून द्या. खेकड्यातून तांबंही मिळतं. ऑक्टोपसच्या निळ्या रक्तातल्या हिमोसायनिनला, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाला, ते लागतंच. मात्र पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विषारी, म्हणून टाकीला पितळी नळ नको.

गोळीखाद्याची अडचण वेगळी आहे. ऑक्टोपस घास हातांत धरतो, चूषकांनी चव घेतो आणि चोचीने तोडतो. दोन मिलिमीटरची कोरडी गोळी त्याच्या कामाची नाही. शिवाय गोळीत वापरलं जाणारं फिशमील, म्हणजे माशांची पूड, उष्णतेने शिजवून-वाळवून बनतं. त्या तापलेल्या प्रथिनांवर याच्या विकरांचं (पाचक एन्झाइमांचं) फारसं चालत नाही. पोत्यावरच्या प्रथिनांच्या टक्क्यावर विसंबू नका, ती किती तापवली हे आधी विचारा. मेक्सिकोत युकातानमधल्या सिसाल इथे ऑक्टोपस माया या तिथल्या जातीला माकूल (स्क्विड) आणि खेकडा यांची गोठवून सुकवलेली पूड जिलेटिनमध्ये बांधून दिली, तेव्हा वाढ चांगली मिळाली.

गोठवून सुकवायचं यंत्र नसेल, तर चाचणीसाठी एक किलोचं प्रमाण असं घ्या : कच्च्या माकुलाचं मांस ४०० ग्रॅम, कच्च्या खेकड्याचं मांस ३०० ग्रॅम, जिलेटिन ८० ग्रॅम, पाणी २२० मिली. मांस बारीक वाटून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थेट फ्रिजमधलं घेतलं तर जिलेटिन लगेच गोठून गुठळ्या होतात. जिलेटिन गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, गरम पाण्यावर भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत विरघळवा, ४० अंशांवर उतरलं की मांसात मिसळा. घाईने गरमच ओतलं तर मांस शिजतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. ताटात थापून रात्रभर ४ अंशांवर ठेवा, मग बोटाएवढे तुकडे कापा. जिलेटिन यापेक्षा वाढवू नका. तेही प्रथिन असलं तरी त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं.

वजनाच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे २०० ग्रॅमच्या जनावराला दिवसाला १० ग्रॅम. तीन तासांनी उरलेलं काढून, टिपून, वजन करा. त्याच वेळी एक तुकडा रिकाम्या टाकीत ठेवा. पाण्यात विरून किती गेलं ते त्यावरून कळतं. ते वजा केल्याशिवाय खाल्ल्याचा आकडा खरा नसतो.

आपल्याकडे पाणी २८–३० अंशांवर असतं आणि जिलेटिन तिथे मऊ पडायला लागतं. तुकडे फ्रिजमधून काढून लगेच द्या. तरी विरत असतील, तर वाटणात दीड टक्का सोडियम अल्जिनेट (समुद्रशेवाळापासूनचा बांधणारा पदार्थ) घालून एक टक्क्याच्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात घट्ट करून पाहा. ऑक्टोपस मायावरच्या २००८ सालच्या अभ्यासात मात्र अल्जिनेटपेक्षा जिलेटिनवर वाढ चांगली होती, तेव्हा हा दुसरा पर्याय.

प्रश्न : अंड्यातून निघालेल्या पिल्लांनाही हेच चालेल का?
– वाचक, मालवण

उत्तर : जातीवर अवलंबून आहे. ऑक्टोपस मायाची पिल्लं मोठी असतात आणि जन्मतःच तळाशी राहतात. त्यांना मऊ पेस्ट शिंपल्याच्या कवचावर लावून देता येते. ऑक्टोपस वल्गारिसची पिल्लं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, पाण्यात तरंगणारी. ती हलणारं भक्ष्यच पकडतात. नुसत्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांवर) ती तगत नाहीत, कारण त्यात डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल आणि फॉस्फोलिपिड हे स्निग्ध घटक कमी पडतात. स्पेनमध्ये आर्टेमियाच्या जोडीला खेकड्याच्या जिवंत अळ्या दिल्या, तेव्हा पिल्लं तळाशी बसण्यापर्यंत पोचली. त्यामुळे वल्गारिसची पिल्लं वाढवायची तर अंडीवाल्या खेकडिणी सतत हाताशी लागतात.