मे महिन्यातलं उड्डाण, पिवळा मास्क आणि बॅगेतलं खोबरं

विमानप्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न, निवृत्त केबिन क्रूची उत्तरं

प्रश्न : कडक उन्हाळ्यात दुपारच्या विमानातून कधी कधी बॅगा मागे ठेवतात म्हणे. उन्हाचा आणि वजनाचा काय संबंध? (एक वाचक, जालना)

थेट संबंध आहे. पंखाला उचल हवेमुळे मिळते आणि तापलेली हवा विरळ असते. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंच आहे. तिथे पारा 40 अंशांवर गेला की हवा समुद्रकाठच्या 15 अंशांतल्या हवेपेक्षा साधारण 14 टक्के विरळ होते. तेवढ्याच वजनाचं विमान उचलायला मग जमिनीवर जवळपास 8 टक्के जास्त वेग लागतो. इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, त्यामुळे त्याचा जोर घटतो. वेग जास्त हवा आणि जोर कमी, म्हणजे धाव लांबते. धावपट्टी मात्र तेवढीच राहते. म्हणून दर उड्डाणाआधी तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी धरून कमाल वजन काढतात. भरणा त्याच्या वर गेला तर सामान उतरतं, वेळ आली तर माणसंही. तिथे वाद घालून उपयोग नाही.

याच गणितातून वैमानिकाचे वेग ठरतात. ‘व्ही-वन’पर्यंत बिघाड कळला तर ब्रेक लावून धावपट्टीवरच थांबता येतं, त्यानंतर उडायचंच. ‘व्ही-आर’ला नाक उचलायला घ्यायचं, सेकंदाला साधारण 3 अंश. इथे घाई नको आणि उशीरही नको, कारण 140 नॉटच्या वेगात एक सेकंद म्हणजे 72 मीटर धावपट्टी.

26 एप्रिल 1993 ला तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे उच्चदाबाच्या तारांना लागून कोसळलं. 118 पैकी 55 जण गेले. आपल्याकडे हा अपघात बऱ्याचदा ‘ट्रक आडवा आला’ एवढ्यावरच सांगितला जातो. ते अर्धंच आहे. नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं गेलं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती, अशी दोन्ही कारणं चौकशीत नोंदली गेली. यातलं एक जरी टळलं असतं, तर विमान निघून गेलं असतं.

प्रश्न : ऑक्सिजनची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतो, असं सांगतात. ते कसं? आणि आईनं लेकराच्या आधी स्वतः मास्क लावायचा, हे मनाला पटत नाही. (एक वाचक, परभणी)

मास्क वरच्या कप्प्यातून आपोआप पडतात ते केबिनमधली हवा साधारण 14,000 फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली की. नुसता पडलेला मास्क तोंडाशी धरून काही होत नाही, तो जोरात खाली ओढायचा. बहुतेक बोइंग 737 आणि एअरबस ए320 विमानांत ओढल्यावर वरच्या डब्याची पिन निघते, आतल्या सोडियम क्लोरेटची रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यातून ऑक्सिजन तयार होतो. डबा खूप तापतो, जळका वास येतो. आग लागली समजून मास्क काढू नका, आणि डब्याला हात लावू नका. एकदा सुरू झालेली क्रिया थांबवता येत नाही. पुरवठा 12 ते 15 मिनिटं टिकतो. तेवढ्या वेळात वैमानिक विमान 10,000 फुटांवर आणतात आणि तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. पिशवीत ऑक्सिजन सावकाश जमतो आणि तुमचा श्वास तो लगेच ओढून घेतो, त्यामुळे ती टम्म दिसेलच असं नाही.

आता आईचं. 35,000 फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्धीत राहून हात चालवायला 30 ते 60 सेकंद मिळतात. घाबरलेलं लेकरू मास्क झटकतं, पट्टा डोक्यामागे जात नाही, आणि त्या झटापटीत आईची शुद्ध हरपली तर दोघंही उघडे पडतात. स्वतःचा मास्क पाच सेकंदांत बसतो. मग लेकराला हवा तेवढा वेळ देता येतो. एकाच रांगेत मांडीवरची दोन बाळं आली तर क्रू एकाला दुसरीकडे हलवतात, त्याचं कारणही हेच: तीन सीटवर साधारणपणे चारच मास्क असतात.

प्रश्न : खिडकीला बारीक छिद्र असतं. काच फुटायला आलीय का? (एक वाचक, नांदेड)

नाही. दाब पेलते ती बाहेरची काच. मधल्या काचेला मुद्दाम छिद्र ठेवतात, म्हणजे दोन काचांमधल्या पोकळीतला दाब केबिनइतकाच राहतो आणि धुकं धरत नाही. आतली पातळ काच फक्त तुमचा हात लागू नये म्हणून असते.

प्रश्न : मुलीकडे जाताना बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या आणि पॉवर बँक होती. दोन्ही काढायला लावलं. खोबऱ्यानं काय होणार? (एक वाचक, लातूर)

सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, उष्णता निर्माण होते आणि दाटून भरलेल्या मालात ती बाहेर पडत नाही. सामानकक्षात त्यानं पेट घेतला तरी ते कोणाच्या नजरेस पडणार नाही.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. मर्यादा 100 वॉट-तासांची: मिलीअँपिअर-तासांना 3.7 नं गुणून 1,000 नं भागा. 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-तास होते, चालते. लेबल पुसलेलं असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात. लिथियम बॅटरी पेटली की तिच्यातला एक सेल दुसऱ्याला तापवत जातो. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण ही साखळी तोडत नाही. केबिनमध्ये हॅलॉन मारून लगेच पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. बर्फ टाकू नये, त्यानं उष्णता आत कोंडते.

आणि मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. यंत्रणेत चिरडून बॅटरी पेटते. जागेवरून उठा आणि क्रूला बोलवा.