आधी फाईलचं शेपूट बघ

भावा, चप्पल लाईनमधल्या दुकानाची साईट नव्या होस्टवर हलवताना डेटाबेसचा इम्पोर्ट (फाईलमधला डेटा तिकडं भरणं) मध्येच अडतोय म्हणालास. नव्या होस्टला दोष देण्याआधी जुन्या सर्व्हरवरून काढलेली एक्सपोर्टची फाईल एडिटरमध्ये उघड आणि थेट शेवटाला जा. मायएसक्यूएलडंपनं (डेटाबेसची नक्कल, म्हणजे डंप, काढणारी आज्ञा) घेतलेल्या फाईलच्या शेवटी सहसा ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ असते. पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) काढली असशील तर शेवटची आज्ञा अर्धवट तुटलीय का ते बघ. तुटली असेल तर बहुतेक सर्व्हरची वेळमर्यादा संपली. एसएसएच (सर्व्हरवर थेट आज्ञा देण्याची सोय) असेल तर सरळ डंप घे, नसेल तर मोठी टेबलं वेगवेगळी काढ.

फाईल पूर्ण असूनही ‘अननोन कोलेशन’ येतंय? कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम. मग जुना सर्व्हर बहुतेक मायएसक्यूएल ८ चा असेल. त्याचं यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे कोलेशन नव्या होस्टवर मारियाडीबी (मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस) जुन्या आवृत्तीचा असेल तर त्याला कळत नाही. ते बदलून यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय कर, पण फाईलच्या प्रतीत. राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकाची एकुलती एक फाईल मी अशीच बिघडवली होती. त्यांच्या जुन्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. अजून वाईट वाटतं.

मराठीचं मात्र डोळ्यांत तेल घालून तपास. फाईलमध्ये ‘कापशी’ हे चपलेचं नाव नीट दिसतंय का? तिथंच चित्रविचित्र अक्षरं असतील तर यूटीएफ८एमबी४ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) सांगून पुन्हा डंप घेऊन बघ. फाईलमध्ये ठीक आणि साईटवर बिघडलेलं, तर इम्पोर्टचा किंवा साईटच्या जोडणीचा कॅरेक्टर सेट चुकलाय.

साईट वर्डप्रेसवर असेल आणि तिचा वेबपत्ता बदलणार असशील तर फाईलमध्ये सरसकट शोधून बदलू नकोस, सीरियलाइज केलेल्या (लांबीच्या आकड्यासकट साठवलेल्या) मजकुराची लांबी चुकते. ते काम डब्ल्यूपी-सीएलआयकडून (वर्डप्रेसला आज्ञा देऊन चालवायचं साधन) करून घे. आणि सगळं तपासून होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करू नकोस.