खरं निःस्वार्थ दान असतं का? की पुण्य, नाव, समाधान असं काहीतरी प्रत्येकाला हवंच असतं?

असतं. मी स्वतः घेतलंय म्हणून सांगतो.

माझी अकरावीची फी मामाने भरली. वडील नुकतेच गेले होते, मामाने पैसे दिले नसते तर शिक्षण तिथेच थांबलं असतं, हे मी कधीच नाकारत नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं घरात चार माणसं जमली की माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "याला मी शिकवलाय." निकाल लागला तेव्हा तेच, नोकरी लागली तेव्हा तेच, आणि नोकरी बदलली तेव्हा "मला न विचारता?" आई नेमकी त्या वेळी उठून आत पाणी आणायला जायची. पाणी कोणी मागितलेलं नसायचं.

बारावीला परीक्षेची फी भरायला गेलो तर क्लार्क म्हणाले, तुझी भरलीय, ही घे पावती. पावतीवर माझंच नाव. मला वाटलं मामानेच भरली असणार, आणि मी आभार मानले तेव्हा तोही नाही म्हणाला नाही! खूप वर्षांनी त्याच क्लार्ककडून कळलं की फी गणिताच्या सरांनी भरली होती. हे सर मला वर्षभर शिकवत होते, गृहपाठ झाला नाही की बाकीच्या पोरांसारखंच मलाही उभं करायचे, एकदाही वेगळ्या नजरेने बघितलं नाही. कळल्यावर भेटायला गेलो तर विषय बदलून आईची तब्येत विचारत बसले.

गीतेच्या १७व्या अध्यायात, २०व्या श्लोकात सात्त्विक दानासाठी 'अनुपकारिणे' असा शब्द आहे, म्हणजे जो परतफेड करू शकणार नाही त्याला दिलेलं. पुढच्याच श्लोकात परतफेडीची आशा ठेवून किंवा कुढत दिलेलं ते राजस. मामा कुठे बसतो ते मला तरी स्पष्ट दिसतं. आणि देताना बरं वाटतं म्हणजे तो स्वार्थच, हे मला अजिबात पटत नाही. सरांना बरं वाटलं असेल तर वाटू दे, त्याचं बिल माझ्या नावावर फाडलं नाही ना त्यांनी.

माझा भाऊ यावर कायम भांडतो, म्हणतो फी भरली गेली ना, हेतू कशाला बघायचा? १२व्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिदीस याने दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्यात, त्यात देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव माहीत नसणं ही वरून दुसरी आणि माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं ही सगळ्यात वरची. भाऊ लगेच म्हणाला, बघ, मामाच वर! अरे पण पायावर उभं करायचं म्हणजे नंतर हात सोडायचा असतो, त्याने पाठीवरचा हात शेवटपर्यंत काढलाच नाही.

एक मात्र आहे, संस्थेला देत असाल तर पावती घ्या, पैसे कुठे जातात विचारा, त्यात स्वार्थ वगैरे काही नाही. आणि खरंच अडला असाल तर कसल्याही माणसाकडून घ्या, मीसुद्धा मामाची फी पुन्हा घेईन.

मामा आता नाही. भाऊ म्हणतो आता तरी सोड. फीसाठी त्याचे आभार मी आजही मानतो, पण आईचं ते उठून आत जाणं मी बघितलंय, भाऊ तेव्हा लहान होता.