एक ओळ पाठवली तर चालेल का?

प्रश्न: मी भुसावळला कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. यावल-रावेरकडचे केळीचे व्यापारी हिशोबाच्या एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊन येतात, त्या तपासायला मी लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे डिस्कची तब्येत दाखवणारं टूल वापरतो. एका स्वस्तातल्या यूएसबी केसिंगमधे डिस्क टाकली की 'अननोन यूएसबी ब्रिज' (म्हणजे केसिंगमधली यूएसबी चिप टूलच्या ओळखीची नाही) अशी एरर येते अन् काम थांबतं, पण कमांडला मायनस डी सॅट (डिस्कशी कसं बोलायचं ते सांगणारा ऑप्शन) जोडलं की सगळं नीट दिसतं. हे टूलमधेच दुरुस्त व्हावं म्हणून मी काही पाठवू शकतो का? मला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही, इंग्रजी पण कामापुरतंच.

उत्तर: भाऊ, पाठवाच. सी लागतच नाही याला. स्मार्टसीटीएल ज्या स्मार्टमॉनटूल्स प्रोजेक्टमधलं आहे त्यात डिस्क आणि केसिंगची सगळी यादी ड्राइव्हडीबी डॉट एच या एकाच फाइलीत असते, एका नोंदीला पाच रकाने, यूएसबीवाल्या नोंदीत पहिल्यात नाव, दुसऱ्यात केसिंगमधल्या चिपचा आयडी (तोच जो एररमधे चौकटी कंसात दिसतो), तिसऱ्यात त्या चिपचं व्हर्जन, चौथा रिकामा आणि पाचव्यात तुमचं ते मायनस डी सॅट. झाली तुमची ओळ. आणि प्रोजेक्टची माणसं जगातली प्रत्येक केसिंग विकत आणून बघू शकत नाहीत ना, ज्याच्या टेबलावर ती आहे त्यानेच सांगायचं असतं, म्हणून मला तर ही एक ओळ फार मोलाची वाटते.

पण आधी तपासा, आणि हे मनापासून करा. ती ओळ एका वेगळ्या फाइलीत लिहा, मग मायनस कॅपिटल बी, पुढे प्लस आणि त्याला चिकटून फाइलीचं नाव असं देऊन स्मार्टसीटीएल चालवा, यावेळी मायनस डी द्यायचं नाही. असं केलं की तुमची ओळ मूळ यादीच्या आधी वाचली जाते. मग तीच डिस्क केसिंगमधून काढून सरळ साटा केबलला लावा आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघा, ५ नंबरचे रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले), १९७ चे पेंडिंग सेक्टर (संशयातले, अजून न बदललेले), ९ नंबरचे चालू तास. तापमान थोडं इकडेतिकडे होणारच, मे महिन्यात भुसावळला तर होणारच होणार. बाकीचे जुळले म्हणजे केसिंग खरं सांगतेय.

व्हर्जनचा रकाना उगाच नाही बरं का, कधीकधी कंपनी आयडी तोच ठेवून आतली चिप बदलते, म्हणून तुमच्या केसिंगचं व्हर्जनपण कळवा.

मग गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर प्रोजेक्टच्या पानावर ती ओळ आणि स्मार्टसीटीएलचं पूर्ण आउटपुट द्या. डिस्क गिऱ्हाइकाची आहे, तेव्हा मायनस क्यू नोसिरिअल लावून आउटपुट काढा, सिरिअल नंबर छापला जात नाही. इंग्रजीची काळजी सोडा, केसिंगचं नाव, काय दिसत होतं, काय लावल्यावर चाललं, तीन वाक्यं पुरतात. त्यांनी उलट काही विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, चुकीची नोंद गेली तर हजारो मशीनवर जाते म्हणून विचारतात. एकदा घेतली की लोकांना टूलच्या नव्या व्हर्जनची वाट पाहावी लागत नाही, अपडेट-स्मार्ट-ड्राइव्हडीबी ही कमांड चालवली की नवीन यादी येते.

तोपर्यंत दुकानातल्या मशीनवर डेबियन किंवा उबंटू असेल तर हीच ओळ ईटीसी फोल्डरमधे स्मार्ट अंडरस्कोर ड्राइव्हडीबी डॉट एच नावाने ठेवा, दरवेळी मायनस डी टाइप करायला नको.